पिकअप कुठं अडतो?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. मध्ये माईक गेला होता तेवढी वाक्यं गाळली.)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी डॉक्टर मधुमेहावर बोलले, वकीलबाई मृत्युपत्रावर बोलल्या. त्यांच्यापुढं गाडीचा पिकअप हा विषय हलकाच वाटणार. पण गेल्या महिन्यात आपल्या नोटीस बोर्डावर एक यादी लागली. पिकअप वाढवणारी एक छोटी पेटी मिळते, ती दहा जणांनी एकदम घेतली तर सवलत आहे, ज्यांना हवी त्यांनी नावं लिहावीत. आजपर्यंत सात नावं झाली. शेजारीच दुसरी यादी आहे, श्रावणात आपण वह्या-दप्तरं घेऊन जव्हार तालुक्यात वावरला जाणार त्या गाड्यांची. पहिल्या यादीतली पाच नावं दुसऱ्या यादीतही आहेत. दोन्ही याद्या वाचल्यावर मी सेक्रेटरींना म्हटलं, आठवं नाव पडायच्या आत मला अर्धा तास द्या.

मी इंजिनिअर नाही. पस्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. पण गाडीचं वेड पहिल्यापासून, आणि ज्या रस्त्यानं आपण जाणार तो माझ्या पायाखालचा आहे.

आधी तक्रार नीट समजून घेऊ. 'गाडीला पिकअप नाही' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे गाडी ओढतच नाही. पेडल तळापर्यंत दाबलंय, तरी चढाला जीव लावते. दुसरी म्हणजे ओढते, पण उशिरा. पाय दाबला, एक क्षण काहीच नाही, मग एकदम उसळी. पहिली तक्रार ताकदीची, दुसरी वेळेची. औषध देण्याआधी ताप आहे की खोकला हे बघावं लागतं, आणि आपल्याकडे दोन्हींना एकच सरबत पाजलं जातं.

जुन्या गाडीत हा घोळ नव्हता. ॲम्बॅसिडर घ्या, पद्मिनी घ्या, 1983 च्या अखेरीस आलेली मारुती 800 घ्या. पायाखालच्या पेडलला एक लोखंडी केबल. केबलचं दुसरं टोक इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या झडपेला. ही झडप म्हणजे थ्रॉटल. तुम्ही जेवढं दाबाल तेवढी झडप उघडणार, त्याच क्षणी, तेवढीच. केबल तुटली की बोनेट उघडून सुतळी बांधायची आणि शेजारी बसलेल्यानं खिडकीतून ती ओढायची, असे प्रवास या सभागृहातल्या काही ज्येष्ठांनी केले असतील. हसू नका, ते खरंच चालायचं.

आताच्या गाडीत केबल नाही. पेडलच्या मुळाशी सेन्सर आहे. तुमचा पाय किती खाली गेला ते तो विजेच्या संकेतानं गाडीच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला, कळवतो. झडप उघडायला एक छोटी मोटर आहे आणि तिला हुकूम ईसीयू देतो, तुम्ही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्वीचं पेडल म्हणजे कॅश काउंटर होतं, चेक दिला की नोट हातात. आताचं पेडल म्हणजे कर्जाचा अर्ज. अर्ज तुम्ही करायचा, मंजुरी वरून. वरचा साहेब बघतो की इंजिन किती गरम आहे, गिअर कोणता आहे, चाक घसरतंय का, एसी चालू आहे का, धूर किती जाईल. आणि मग ठरवतो यांना किती द्यायचं.

साहेब वाईट नसतो बरं का. त्याच्या डोक्यावर नियम आहेत. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झालं. पेडल एकदम दाबलं की क्षणभर हवा आणि इंधन यांचं प्रमाण बिघडतं आणि नको तो वायू बाहेर पडतो, म्हणून झडप जरा सावकाश उघडायची. शिवाय शहरातल्या गर्दीत गाडी हिसके देऊ नये, क्लच-गिअरबॉक्सवर ताण येऊ नये, पावसात चाक फिरून घसरू नये, हेही त्यालाच बघायचं. क्रूझ कंट्रोल किंवा घसरण रोखणारी यंत्रणा ही सोय झडप कंप्युटरच्या हाती असल्यामुळंच सुटसुटीत झाली.

आणि हो, पेडलचा सेन्सर एक नसतो, दोन असतात. दोघं एकाच हालचालीचे वेगवेगळे आकडे देतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा. ईसीयू सतत दोन्ही ताडून बघतो. जुळले नाहीत तर तो तुमच्या अर्जावर विश्वास ठेवत नाही, दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद इतकी कापतो की गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत जाईल. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तोच प्रकार. झडपेच्या बाजूलाही असंच दुहेरी मोजमाप आहे, आणि वीज गेली तर झडप स्प्रिंगनं जवळपास बंद होते. ही व्यवस्था कुणीतरी पुष्कळ विचार करून केलेली आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता ती पेटी. ती पेडलचा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसते. तुम्ही 30 टक्के दाबलं तर ती ईसीयूला 50 टक्के दाबलं म्हणून सांगते. म्हणजे काय केलं? अर्जातला आकडा वाढवून लिहिला. साहेब म्हणतो, हा माणूस जास्त मागतोय, देऊया. गाडी हलक्या पायाला लगेच उत्तर देते आणि तुम्हाला वाटतं इंजिनात बदल झाला. पण तुम्ही 100 टक्के दाबलंत तर पेटी 100 च सांगणार. त्याच्या पुढं आकडाच नाही. खात्यात शिल्लक होती तेवढीच राहिली. इंजिनाची ताकद एका घोड्यानंही वाढत नाही.

हे ऐकून माझा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही बसवून बघितली नाहीत म्हणून असं बोलता." त्याच्या गाडीत ती होतीच. मग गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं त्याच्या गाडीनं निघालो. मनोरला महामार्ग सोडला, विक्रमगड पार केलं आणि जव्हारच्या अलीकडच्या चढावर रिकामा पट्टा बघून घड्याळ लावलं. तिसरा गिअर, ताशी 30 पासून पेडल तळापर्यंत, 60 वर घड्याळ बंद. पेटी चालू ठेवून तीनदा, बंद करून तीनदा, आळीपाळीनं. आमच्या बोटांच्या चुकीपेक्षा मोठा फरक एकदाही आला नाही. पुतण्या गप्प झाला. मग मी त्याला म्हटलं, आता अर्धं पेडल दाबून चालव. तिथं मात्र पेटीचा फरक स्पष्ट होता. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पेटी फसवी नाही. ती जे करते ते करतेच, फक्त तिच्या जाहिरातीत जे वाटतं ते करत नाही.

त्याच्याकडे गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचं एक बोटभर यंत्र होतं, मोबाइलवर आकडे दाखवणारं. त्यात पेडल किती दाबलं आणि झडप किती उघडली हे शेजारी शेजारी दिसतं. मला तर पासबुक भरल्यासारखं वाटलं! पुतण्या चालवत होता, मी आकडे बघत होतो. पाय पटकन दाबला की झडप लगेच हलायची. ही मोटर मुळात चपळ असते, पूर्ण उघडायला सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा. आणि तरी गाडी पुढं उसळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागत होता. म्हणजे उशीर पेडलच्या तारेत नव्हता, पुढं कुठंतरी होता. तो कुठं असतो, ते आता बघू. हाच भाग कामाचा आहे, तेव्हा मोबाइल जरा खिशात ठेवा.

सर्वांत आधी पायाखाली बघा. गाडीबरोबर आलेल्या मॅटवर आपण पावसाळ्यात रबराचं दुसरं मॅट टाकतो, वर वर्तमानपत्र. मॅट सरकून पेडलच्या खाली गेलं की पेडल तळापर्यंत जातच नाही. माणूस म्हणतो गाडी ओढत नाही. उलटही होतं, मॅटची कड पेडलवर चढते आणि पेडल वर येत नाही. हे विनोदानं घेऊ नका. 2009-10 मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपोआप वेग वाढतो अशी तक्रार होती आणि सगळा संशय याच इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर होता. तिथल्या सरकारनं थेट नासाच्या इंजिनिअरांना कामाला लावलं. फेब्रुवारी 2011 मध्ये अहवाल आला. तशा भरधाव वेगाचं कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. जे दोष हाती लागले होते ते पेडलमध्ये अडकणारं मॅट आणि परत वर यायला चिकटणारं पेडल. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या संस्थेनं तपासलं आणि बोट शेवटी मॅटकडेच राहिलं.

दुसरं, हवेचा फिल्टर. उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या बाजूला दोन फेऱ्या झाल्या की फिल्टर काढून झटका, काय पडतं ते बघा. फिल्टर चोंदला की हळू चालवताना कळत नाही, कारण तेव्हा हवा थोडीच लागते. चढाला पूर्ण पेडल दाबलं की मग इंजिनाचा श्वास अडकतो. फिल्टर बदलायला मेकॅनिकही लागत नाही, चार क्लिपा किंवा चार स्क्रू.

तिसरं, झडपेवरची काजळी. इंजिनाची तेलकट वाफ परत हवेच्या वाटेत सोडलेली असते. तिचा थर पेट्रोल गाडीच्या झडपेच्या कडेला बसतो. मग बारीक उघडझाप अडखळते, सिग्नलला इंजिन थरथरतं, पाय ठेवला की पहिला हिसका बसतो. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, पण घरी दाढीच्या ब्रशनं नको. इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नका, मोटर बोट चेपते. झडप हातानं जबरदस्तीनं ढकलू नका, आतले दात तुटतात. आणि साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना झडपेची नवी 'बंद' जागा शिकवावी लागते. ती पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. इग्निशन चालू करून पेडल तीनदा दाबा म्हणजे सगळं ठीक, असा मंत्र हल्ली फिरतो. तुमच्या गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात तसं असेल तर करा, नसेल तर ती नुसती पायाची कवायत.

आता टर्बो. हल्लीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत आणि सगळ्याच डिझेल गाड्यांत तो असतो. टर्बो फिरतो इंजिनाच्या सुटलेल्या धुरावर. म्हणजे आधी इंजिनानं धूर द्यायचा, मग टर्बोनं वेग घ्यायचा, मग तो जास्त हवा कोंबणार, मग ताकद. या साखळीला वेळ लागतोच. इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर रेंगाळत असेल तर हवा कोंबायला टर्बोत दमच नसतो. डिझेलमध्ये तर पेडल हवा मागत नाही, इंधन मागतं. आणि हवा येईपर्यंत काळा धूर होऊ नये म्हणून ईसीयू इंधन रोखून धरतो. पेटीनं कितीही मोठा आकडा लिहिला तरी तो रोखतोच. याला उपाय एकच, इंजिनाच्या फेऱ्या आधीच वर ठेवणं. म्हणजे गिअर.

इथं मला जव्हारच्या जीपवाल्यांची आठवण येते. 1992-93 मध्ये वावर-वांगणी हे नाव कुपोषणानं दगावलेल्या मुलांमुळे महाराष्ट्रभर गेलं, त्या सुमारास मी जव्हारच्या शाखेत होतो. वावर म्हणजे शेत, आणि त्या नावाच्या गावातच खायला नव्हतं. त्या दिवसांबद्दल मी पुन्हा कधी बोलेन, आजचा विषय तो नाही. पण आपण तिकडं वह्या घेऊन का जातो हे नव्या पिढीला ठाऊक असावं म्हणून म्हटलं. तर त्या पाड्यांवर जायला जीप. जीपमध्ये माणसं किती हे मोजायचं नसतं. दारावर लटकलेले, टपावर बसलेले, पोती वेगळी. आणि तो जीपवाला एवढ्या वजनाला पावसातल्या चढावर एकदाही न थांबता वर नेई. त्याची युक्ती मी पुढच्या सीटवर बसून पाहिली. वळण दिसलं की वळणाच्या आधी गिअर खाली. वळणात नाही, वळण संपल्यावर नाही, आधी. पाय हलकाच, पण सतत ठेवलेला. वळणातून बाहेर पडेपर्यंत इंजिन तयार असे. आपण काय करतो? वळणात तिसऱ्यात शिरतो, गाडी मरायला लागली की पाय तळापर्यंत, मग ती धडधडते, मग घाईनं दुसरा, तोवर मागचा हॉर्न मारतो. आणि घरी येऊन म्हणतो पिकअप नाही.

ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक आहे ते म्हणतील आमच्या हातात गिअर कुठाय. आपल्या सोसायटीत बहुतेक ऑटोमॅटिक या एएमटी आहेत, 2014 मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडं आल्या तशा. यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्राचा हात हलवतो. गिअर बदलताना जो झोका बसतो तो क्लच सुटण्या-धरण्याचा आहे. त्या वेळात पेटी काही करू शकत नाही. गिअर बदलण्याच्या बेताला पाय किंचित उचला, झोका निम्मा होतो. आणि लीव्हर एम कडे ढकला, घाटात गिअर तुमच्या हाती. गाडी घेऊन तीन वर्षं झाली तरी एम ला हात न लावलेले सभासद मला माहीत आहेत. तसंच स्पोर्ट किंवा इको असं बटण असेल तर ते दाबून बघा. हे बटण बऱ्याच गाड्यांत तेच करतं जे पेटी करते, म्हणजे पेडलचं प्रमाण बदलतं. आणि कंपनीनं स्वतः दिलेलं असल्यामुळं वॉरंटीची कटकट नाही. काही जण इकोवर घाट चढतात आणि बाहेरून पेटी विकत घेतात! म्हणजे स्वतःच्या खात्यात पैसे असताना व्याजानं उसने काढायचे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. छोट्या इंजिनाला एसी हे मोठं ओझं आहे, चढाच्या त्या पाच मिनिटांत बंद करा. टायरमध्ये हवा कमी असेल तर काही जोर रबर चेपण्यातच जातो. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हा किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो, गाडी चढत नाही. तिथं पेटी म्हणजे गळक्या टाकीचा नळ मोठा करणं. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तेवढ्या उंचीवर चारपाच टक्के कमी होते, कारण हवाच विरळ. तो गाडीचा दोष नाही, सह्याद्रीचा आहे.

आणखी एक गोष्ट तरुण मंडळी मला विचारतात, रीमॅप. यात ईसीयूची आज्ञावलीच बदलतात. ताकद खरोखर वाढते हे मान्य. पण कंपनीनं इंजिन, क्लच, धूर यांचा जो हिशेब मांडला तो मोडतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, हे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. विम्याचा दावा करायची वेळ आली तर कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा असले बदल शोधतो. माझं मत विचाराल तर वॉरंटीतल्या गाडीला रीमॅप नको. वॉरंटी संपल्यावरही नको, पण तेव्हा ऐकणार नाही हे ठाऊक आहे.

आता पार्किंगमधली ती गोष्ट. नावं घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि त्या वहिनी इथं बसल्या आहेत त्यांची परवानगी घेतली आहे. मुलानं गाडीला पेटी बसवली. महामार्गावर मजा आली म्हणून सर्वांत तिखट सेटिंग लावलं आणि तसंच सोडून कामाला गेला. आईला पेटी म्हणजे काय हेच सांगितलं नव्हतं. त्या सकाळी भाजीला निघाल्या. रोज रॅम्पच्या तळाशी जेवढा पाय ठेवायच्या तेवढाच ठेवला. गाडी उडाली आणि पंप रूमच्या खांबावर. बंपर गेला, प्लास्टर गेलं, वहिनींचा हात महिनाभर दुखला. पाच मिनिटं आधी तिथं दोन मुली सायकल शिकत होत्या. नंतर चार जण म्हणाले, बायकांना ऑटोमॅटिक देऊच नये. मला ते आवडलं नाही, आणि इथं स्पष्ट सांगतो. वहिनी पंचवीस वर्षं गाडी चालवताहेत, त्यांच्या पायात जे माप बसलंय ते कुणीतरी न सांगता बदललं. बँकेत कुणी माझ्या टेबलावरच्या शिक्क्यात तारीख बदलून ठेवली असती तर पुढच्या शंभर कागदांवर चुकीची तारीख पडली असती. त्यात शिक्का मारणाऱ्याचा काय दोष?

म्हणून समितीपुढं माझी सूचना अशी आहे. पेटीवर बंदी नको, आपण बंदी घालून कोणी ऐकत नाही. पण जिथं एक गाडी दोघंतिघं चालवतात, शिवाय गाडी धुणारा मुलगा किंवा वॉचमन ती पुढं-मागं करतो, तिथं महामार्गावरून परत आलं की पेटी मूळ सेटिंगवर आणूनच गाडी उभी करायची. विसरायला होत असेल तर पेटी काढून टाकायची. प्लगच आहे, पाच मिनिटांचं काम. आणि ज्यांना वय झाल्यामुळं पाय उचलून ब्रेकवर न्यायला वेळ लागतो, त्यात मीही आलो, त्यांच्या गाडीत ही पेटी नकोच. आपल्याला हलक्या पायाला उसळणारी गाडी नको, उशिरा ऐकणारीच बरी. बऱ्याच नव्या गाड्यांत दोन्ही पेडलं एकदम दाबली गेली तर ब्रेकचं ऐकायची सोय असते. तुमच्या गाडीत आहे का ते पुस्तकात बघा.

वावरच्या रस्त्याबद्दल थोडं सांगून थांबतो. श्रावणात तिथं पाऊस थांबून थांबून येतो, धुकं अचानक उतरतं. आतले रस्ते एका गाडीपुरते, कडेला शेवाळ आणि वाहून आलेली माती. अशा ठिकाणी चाकाला पकड किती आहे ते फक्त तळपायाला कळतं, आणि पेटी नेमकं तेच सांगणं बदलते. पाय एक दोरा हलला की गाडी हातभर हलते. चढावर सुटताना चाक जागीच फिरतं, मग चिखलात खड्डा, मग सगळ्यांनी उतरून ढकला. तेव्हा पाचही जणांना विनंती, पेटी घेतलीच असेल तर त्या दिवशी बंद. घाटात समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, तसा नियमच आहे. उतरताना ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरनं उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. न्यूट्रल तर कधीच नाही. पेट्रोल वाचतं म्हणून कुणी करत असेल तर ऐका. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की आताची इंजिनं इंधनच घेत नाहीत. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला घेतात. म्हणजे वाचवायला जाता आणि जास्त जाळता.

नोटीस बोर्डावरच्या पहिल्या यादीचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला वाटतं, सात जणांनी आधी आपापलं मॅट, फिल्टर आणि टायर बघावेत, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यावी, स्पोर्टचं बटण आठवडाभर वापरून बघावं. एवढं करूनही पेटी हवीशी वाटली तर खुशाल घ्या. सवलत गेली तर जाऊ दे.

निघायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी आणि माझा पुतण्या खाली पार्किंगमध्ये असू. त्याचं ते बोटभर यंत्र, माझा टॉर्च आणि हवा मोजायचा गेज. वावरला येणाऱ्या सगळ्या गाड्या रांगेनं आणा, किल्लीबरोबर गाडीचं पुस्तकही आणा. पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या खणात अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असेल, ती पिशवी आधी फाडून या.